चाकं निघाली कारंज्याला

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीत मोटारीची चार चाकं मुक्कामाला आली आणि तीन महिने हलली नाहीत. झालं असं, की बारा वर्षं वापरलेली आमची मोटार कराडकडच्या भाच्यानं विकत घेतली. गाडी न्यायला आला, तो स्वतःची पाच पोलादी चाकं टेम्पोत घालूनच. ‘‘मामा, तुमची ही चकचकीत चाकं पुण्यात शोभतात. आमच्याकडच्या रस्त्यांवर अलॉयला तडा जातो. पोलादी रिम वाकली तर ठोकून सरळ तरी करता येते,’’ असं म्हणून त्यानं सोसायटीच्या पार्किंगमध्येच चाकं बदलली. आमची चारही चाकं टायरसकट भिंतीशी लावून ठेवली, त्यांचे सोळा नट कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्या हाती दिले आणि तो निघून गेला.

पार्किंगमध्ये ठेवायला सोसायटीची हरकत, म्हणून चाकं गॅलरीत आली. तुळशीला पाणी घालायला जाताना पत्नी त्यांना वळसा घालून जाई आणि परत येताना माझ्याकडे एकदा बघे. अडतीस वर्षं बँकेत नोकरी केल्यानं न बोलता केलेली मागणी मला ओळखता येते. भंगारवाल्याला विचारलं तर त्यानं चौघांचे मिळून जे पैसे सांगितले, ते ऐकून मीच चाकांची माफी मागितली असती. शेवटी मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही फोटो काढा, मी इंटरनेटवर टाकते. या वस्तूला गिऱ्हाईक असतं.’’

गिऱ्हाईक असतं, पण त्याला आधी माहिती हवी असते. ‘काका, साइज सांगा’, ‘पीसीडी किती?’, ‘ऑफसेट?’ असे निरोप येऊ लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी टायर वाचायला बसलो. मांडीवर चाक, नाकावर चष्मा. टायरच्या कुशीवर लिहिलं होतं : १८५/६५ आर १५ ८८ एच. मुलीनं उलगडून सांगितलं. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. त्याची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात. ८८ हा भार पेलण्याचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मिलिमीटर, टक्के, इंच आणि किलो एकाच ओळीत सुखानं नांदत होते. आमच्या बँकेच्या परिपत्रकांतसुद्धा इतका सर्वधर्मसमभाव मी पाहिला नव्हता. पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. आमच्या चाकाला चार नट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. १०८ मिलिमीटरवाल्या गाडीला ते बसणार नाही, मग किंमत कितीही उतरवा.

दुसऱ्याच दिवशी एक अत्यंत सभ्य फोन आला. बोलणारे गृहस्थ लष्करात अधिकारी होते, म्हणजे तसं ते म्हणाले. घासाघीस नाही, चौकशी नाही. वीस हजार म्हटलं तर वीस हजार. ‘‘सर, आमच्या युनिटच्या अकाउंटमधून पैसे येतात. एक कोड पाठवतो, तो स्कॅन करा आणि आपला पिन घाला. पैसे लगेच जमा.’’ वाचकहो, कबूल करायला लाज वाटते, पण माझं बोट फोनवर गेलं होतं. मुलगी शेजारून ओरडली म्हणून वाचलो. ती म्हणाली, ‘‘बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? पिन लागतो तो द्यायला!’’ यूपीआय २०१६ साली आलं, त्यानंतरची तीन वर्षं काउंटरच्या पलीकडच्या लोकांना हेच वाक्य मी स्वतः ऐकवत आलो होतो. काउंटरच्या अलीकडे आलं की माणूस बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रकारानंतर चार दिवसांनी कारंज्याचा फोन आला. गुरुमंदिराचं कारंजा, वाशिम जिल्ह्यातलं. आवाज तिशीतला, वऱ्हाडी वळणाचा. ‘‘काकाजी, चाकं आहेत का अजून?’’ त्याची स्वतःची गाडी भाड्यानं चालते. कोणाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं, कोणाला विमानतळावर सोडायचं. आमच्याच जातीची गाडी, एक रिम खड्ड्यात गेलेली, टायर झिजत आलेले. नवा संच परवडत नव्हता. त्यानं विचारलेले प्रश्न आधीच्या सगळ्यांहून वेगळे होते. टायर किती चालले? रिम कधी वेल्ड केली का? गाडी ऐंशीवर थरथरत होती का? मला बरं वाटलं. ज्याला वस्तू खरोखर हवी असते तो खोडे काढतो. बँकेतही कर्ज बुडवणारा माणूस व्याजाच्या दरावरून कधी भांडत नसे.

सौदा सतरा हजारांना ठरला, वाहतूक खर्च त्याचा. आणि मग आम्ही दोघंही एका जागी अडकलो. आधी कोण? तो म्हणत होता, ‘‘काकाजी, तुम्ही माल टाका, मी पैसे टाकतो.’’ मी म्हणत होतो, तुम्ही पैसे टाका, मी माल टाकतो. मी कारंज्याला कधी गेलो नाही, तो पुण्याला कधी आला नाही. दोघांच्या ओळखीचा एकही माणूस नाही. फोनवर थोडा वेळ दोघंही गप्प राहिलो.

खरं तर ही गप्पगिरी व्यापाराइतकीच जुनी आहे. लांबच्या गावच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करताना पहिलं पाऊल कोणी टाकायचं, याची उत्तरं शोधण्यात आपल्या पेढ्यांच्या पिढ्या गेल्या. हुंडी निघाली ती त्यातूनच. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच ते द्यायचे, म्हणजे खोटा माणूस मध्ये घुसला तर तो कुठून आला हे सापडे. आणि जोखमी हुंडी तर मला नेहमीच थक्क करत आली आहे. तिच्यावरचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. गलबत बुडालं, की हुंडीही बुडाली. उधारी आणि विमा एकाच कागदावर.

पुढं टपाल खात्यानं सामान्य माणसासाठी तोच प्रश्न व्ही. पी. नं सोडवला. माझ्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल, पोस्टमन दारात पुस्तकांचं पुडकं घेऊन उभा राहायचा आणि पैसे मोजून दिल्याशिवाय पुडकं हातात पडायचं नाही. प्रकाशक आणि वाचक या दोघांनाही एकमेकांवर विश्वास ठेवावा लागत नसे. दोघांचा पोस्टमनवर असला की पुरे.

पोस्टमनचं हेच काम मोठ्या मालासाठी बँका करत आणि आजही करतात. व्यापारी माल ट्रान्सपोर्टला देतो, बिल्टी घेतो, ती बिलासोबत आमच्याकडे आणून देतो. आम्ही ते कागद समोरच्या गावच्या शाखेला पाठवायचे. तिथल्या गिऱ्हाइकानं पैसे भरले, की त्याला बिल्टी मिळायची, आणि बिल्टी दाखवली की माल. बँक बिल्टीसुद्धा कोणाचीही घेत नसे. इंडियन बँक्स असोसिएशननं मान्य केलेल्या वाहतूकदारांची यादी असे. या खात्यात मी सहा वर्षं काढली. सी. ए. आय. आय. बी. च्या परीक्षेसाठी पाठ केलेलं एक तत्त्व मला आजही झोपेत म्हणता येईल : बँका दस्तऐवजांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमावलीतलं, पतपत्रांबाबतचं ते कलम. आम्ही ते गावच्या बिलांनाही लावायचो. खोक्यात काय आहे हे आम्ही पाहायचं नाही. कागदावर काय लिहिलंय एवढंच पाहायचं.

त्या जुन्या विद्येच्या जोरावर मी कारंज्याला तोडगा सुचवला. त्यानं निम्मा इसार द्यावा. मी माल ट्रान्सपोर्टला टाकून बिल्टीचा फोटो पाठवीन. फोटो मिळाला की त्यानं उरलेले पैसे टाकावेत आणि मग मी ट्रान्सपोर्टवाल्याला ‘माल सोडा’ म्हणून कळवीन. त्याला पटलं. पाच मिनिटांत माझ्या खात्यात एक रुपया जमा झाला. ‘‘एक रुपया पोचला का जी?’’ पोचला म्हटल्यावर साडेआठ हजार आले.

आता फक्त बांधाबांध उरली होती. चाकांतली हवा कमी करायला आणि जरा पुसूनपासून घ्यायला मी ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. हा मूळचा केरळचा, वीस वर्षं आमच्या चौकात आहे आणि मराठी, हिंदी, मल्याळम एकाच वाक्यात बोलतो. त्यानं तीन चाकं पाहिली, मान डोलावली. चौथं आडवं पाडलं, कुशीवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

‘‘अंकल, हा टायर कुठून आला?’’

मला तर ते चौघांत सगळ्यात देखणं चाक वाटत होतं. नक्षी अगदी खोल, काठावरचे रबराचे केस अजून शाबूत. मी अभिमानानं सांगितलं, की हा आमचा स्टेपनीचा टायर. २०२३ मध्ये सातारा रस्त्यावर एका खड्ड्यात मूळ टायरची कूस फाटली, तेव्हा हायवेवरच्या एका दुकानदारानं डिकीतल्या स्टेपनीचा टायर काढून या रिमवर चढवला. अगदी कोरा होता.

त्यानं माझं बोट धरून एका लांबट चौकटीवर ठेवलं. तिथं चार आकडे होते : १८१३. बाकीच्या तीन टायरांवर होते ३१२१. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून जगभरच्या टायरांवर ही चार आकडी जन्मतारीख असते. तीन टायर २०२१च्या एकतिसाव्या आठवड्यात जन्मले होते. चौथा, सगळ्यात सुंदर दिसणारा, २०१३च्या अठराव्या आठवड्यात. म्हणजे त्याला बारा वर्षं झाली होती.

मग त्यानं टायर दोन्ही हातांनी दाबला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा उघडल्या आणि हात काढताच मिटल्या. पंक्चरवाल्यानं मला जे समजावलं ते असं. रबर हवेनं म्हातारं होतं, चालण्यानं नव्हे. त्यात भेगा पडू नयेत म्हणून कारखान्यातच मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर रस्त्यावर फिरतो, चेपतो, पुन्हा फुगतो, तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. डिकीच्या अंधारात दहा वर्षं निजलेल्या टायरला हा व्यायाम होत नाही. वरून तो कोरा दिसतो आणि आतून वाळत जातो. बहुतेक टायर कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरलेली असो, तो वापरू नये. मोटार वाहन नियम नक्षीची खोली मोजतात, मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर. आमच्या टायरची नक्षी त्याच्या चौपट होती. त्या परीक्षेत तो पहिल्या नंबरानं पास झाला असता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो व्यवहाराचा नव्हता. या टायरवर आम्ही दोन वर्षं फिरलो होतो. नातीला घेऊन पसरणीच्या घाटातून महाबळेश्वरला गेलो होतो. मागच्या डाव्या बाजूला हाच टायर होता आणि त्याच्यावरच्या सीटवर ती झोपली होती.

दुसरा विचार व्यवहाराचा होता आणि तो मुकाट्यानं आला. कारंज्याच्या माणसानं टायर किती चालले ते विचारलं होतं. तारीख विचारली नव्हती.

त्या रात्री मला १९९२ साल आठवलं. नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी बिलांचं काम पाहत होतो. गावात एक टेम्पोवाला होता. दुसरा टेम्पो घ्यायच्या खटपटीत असलेला, सदा घाईत, कपाळावर गंध. त्यानं परगावाहून ट्रकचे सहा जुने टायर मागवले होते. कागद आमच्या शाखेत आले. बिल बरोबर, बिल्टी मान्यताप्राप्त वाहतूकदाराची, सह्या जागेवर. त्यानं पैसे भरले, मी बिल्टी शिक्का मारून त्याच्या हातात दिली. दोन तासांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या हातांना काळा रंग लागला होता. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरांवर कोणीतरी हत्यारानं नव्या खाचा कोरल्या होत्या आणि वरून काळं फासलं होतं. खाचांच्या तळाशी आतले धागे दिसत होते. तो म्हणाला, ‘‘साहेब, पैसे अजून तुमच्याकडंच असतील ना? थांबवा की.’’

पैसे खरोखरच अजून आमच्याकडे होते. संध्याकाळच्या टपालानं जाणार होते. मी त्याला ते कलम ऐकवलं. बँका दस्तऐवजांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. नियमानं ते बरोबर होतं. आजही मला तिथं दुसरं काही करता आलं असतं असं वाटत नाही. पण मी ते ज्या सुरात ऐकवलं, तो सूर मला तेहतीस वर्षांनी जसाच्या तसा ऐकू आला. पाठ केलेल्या धड्यासारखा. त्यानं माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकले होते, तिथं काळे ठसे उमटले. शिपायानं ते रॉकेलच्या फडक्यानं पुसले.

आता बिल्टी माझ्या हातात येणार होती आणि मालही माझ्याच गॅलरीत होता. मी बँक राहिलो नव्हतो. आणि या मालाबद्दलची एक गोष्ट सगळ्या जगात फक्त मला आणि एका पंक्चरवाल्याला ठाऊक होती. ती कुठल्याच कागदावर येणार नव्हती. बिल्टीवर लिहिलं जाणार होतं, ‘वापरलेली चाकं, ४ नग’. ते शंभर टक्के खरं होतं.

सकाळी चहाच्या वेळी मी घरात विषय काढला. मुलगी म्हणाली, सांगायला तर हवंच, पण तो सौदा मोडेल. पत्नीनं विचारलं, ‘‘तो गाडी कुठं चालवतो?’’ मी म्हटलं, समृद्धी महामार्गावर. पुढं कोणी काही बोललं नाही. हा महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला, ७०१ किलोमीटर. मोटारींना ताशी १२० ची मुभा. त्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. काँक्रीटचा सरळ रस्ता, विदर्भातलं ऊन, तास-तासभर न उतरणारा वेग आणि त्यात हवा कमी असलेला किंवा वाळलेला एक टायर. पोटात गोळा येण्यासाठी याहून जास्त माहितीची गरज नसते.

मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. तारखेच्या चौकटीचा फोटो पाठवला, भेगांचाही पाठवला. इसार परत हवा असेल तर आत्ता पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, ‘‘पाहतो जी,’’ आणि फोन बंद झाला. तो दिवस गेला, दुसरा गेला. पत्नी तुळशीला पाणी घालून आली, पण या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. तो वर्ध्याचं भाडं घेऊन गेला होता, म्हणून उशीर. ‘‘काकाजी, तीन टायर तसेच राहू द्या. चौथ्याची रिम तेवढी पाठवा. टायर मी इथं नवा टाकतो. पण मग दोन हजार कमी करा.’’ मी म्हटलं, केले. ‘‘आणि काकाजी, तो टायर कोणाले देऊ नका जी.’’

हे शेवटचं वाक्य मला सुचलं नव्हतं. तो टायर भंगारवाल्याला दिला असता, तर काळं पॉलिश लावून महिनाभरात दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली गेला असता. नक्षी तर सुरेखच होती. टाकाऊ टायरांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, पण आमच्या चौकापासून त्या साखळीच्या पहिल्या कडीपर्यंत पोचायचं अंतर बरंच आहे. मी पंक्चरवाल्याला टायर रिमवरून उतरवायला सांगितला आणि माझ्यासमोर कापायला लावला. त्यानं आधी कूस उभी चिरली. नक्षीच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात, तिथं सुरी चालेना, तेव्हा कटर लावला. जळक्या रबराचा वास चौकभर सुटला. लहानपणी आम्ही पोरं असा टायर काठीनं हाणत गावभर पळवत असू. म्हातारपणी एखादा मारावाही लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग बांधाबांध. चाक पाठवणं ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. आधी मी एका कुरिअर कंपनीत विचारलं होतं. तिथं वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीला जास्त मान. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. बांधलेलं चाक ६५ गुणिले ६५ गुणिले २२, म्हणजे साडेअठरा किलो. काट्यावर मात्र ते सोळा किलो भरत होतं. चार चाकांमागे दहा किलो हवेचं भाडं द्यायचं माझ्यातल्या बँकवाल्याच्या जिवावर आलं. म्हणून रस्त्यानं जाणारी साधी ट्रान्सपोर्ट ठरवली. पुण्याहून अकोला, तिथून तो स्वतः नेणार होता.

पंक्चरवाल्यानं हवा ३३ वरून १५ वर आणली. सगळी काढायची नाही, नाहीतर टायर रिमची कड सोडतो. रिमच्या दर्शनी बाजूवर खोक्याच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून लावल्या; अलॉयला ओरखडा पडला की त्याचं रूपच जातं. त्यावर जुन्या चादरीचे तुकडे, मधल्या भोकातून सुतळीचे वेढे आणि वरून प्लॅस्टिकची फिल्म. चिकटपट्टी टायरला धरत नाही, हे एक रीळ वाया गेल्यावर कळलं. नाव-पत्ता वरून लिहिलाच, शिवाय एक चिठ्ठी रिमच्या आतल्या बाजूला बांधली. तो सल्ला ट्रान्सपोर्टच्या हमालाचा. ‘‘साहेब, खोकं आम्ही उचलतो. चाक कोण उचलणार? ते ढकलतच न्यायचं. वरचा पत्ता दोन गोदामांत झिजून जातो.’’

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत मी तासभर बसलो. पंखा, डिंकाची बाटली, खिळ्याला टोचलेल्या पावत्या. मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं. तिथल्या कारकुनानं आधारची प्रत घेतली, वापरलेला माल असल्याचं माझ्या सहीचं पत्र घेतलं. किंमत एक लाखाच्या कितीतरी खाली, म्हणून ई-वे बिलाचा प्रश्न आला नाही. भाडं ‘टू पे’. बिल्टीच्या कोपऱ्यात ‘ओनर्स रिस्क’ हे दोन शब्द छापलेले होतेच. १८६५ चा कॅरियर्स अ‍ॅक्ट गेला, त्याच्या जागी २००७ चा कायदा आला, पण हे दोन शब्द हलले नाहीत. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या जुन्या सावकारानं ते वाचले असते तर हसला असता.

बिल्टीचा फोटो कारंज्याला पाठवला. खाली लिहिलं, की ठरल्याप्रमाणे उरलेले साडेसहा हजार आले की ट्रान्सपोर्टला कळवतो. माझं वाक्य लिहून व्हायच्या आत पैसे आले होते. वेळ पाहिली, तर फोटो पोचण्याच्या आधीची होती. मी विचारलं, अहो, बिल्टी तरी पाहायची! तो म्हणाला, ‘‘तारीख तुम्ही सांगितली ना जी. मग बिल्टीत काय पाहाचं?’’ आणि लगेच पुढं, ‘‘अकोल्याची हमाली मात्र तुमच्याकडं धरतो हं, काकाजी.’’ शंभर रुपये मी मुकाट्यानं पाठवले.

चौथ्या दिवशी चाकं पोचल्याचा फोन आला. रिम एकदम झकास, एकही ओरखडा नाही. मी समाधानानं आरामखुर्चीत टेकलो. तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘काकाजी, नट?’’

अलॉयचे नट वेगळे असतात. पोलादी रिमचे त्याला चालत नाहीत. बूड नीट बसलं नाही तर चाक सैल होतं. हे मला भाच्यानं सांगितलं होतं, मुलीनं सांगितलं होतं, पंक्चरवाल्यानंही सांगितलं होतं. आम्ही दोघांनी मिळून घर पालथं घातलं. कॉफीचा डबा शेवटी स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या मागं सापडला. सोळाच्या सोळा नट मोजले, एकेक कागदात गुंडाळला आणि स्पीड पोस्टाच्या खिडकीपाशी गेलो. खिडकीतल्या मुलीनं पुडकं हातात तोलून विचारलं, ‘‘आत काय आहे?’’ मी म्हटलं, सोळा नट. तिनं माझ्याकडे वर पाहिलं आणि पावती छापली.

गॅलरी मोकळी झाली. दिवाळीत पाडव्याच्या सकाळी फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘टायर कारंजा’. मी ते तसंच साठवून ठेवलं होतं. त्याचं खरं नाव बिल्टीवर लिहिलं तेवढंच. शुभेच्छा देऊन झाल्यावर तो म्हणाला, की गाडी शंभरवरही थरथरत नाही. कालच एका बाळंतिणीला नागपूरहून घरी आणलं. बाळ सगळा रस्ता झोपलं होतं.

फोन ठेवल्यावर वाटलं, त्याच्या फोनमध्ये माझं नाव काय असेल? बहुधा ‘अलॉय पुणे’.